फळा कोणी पुसायचा? टेस्ट डेटाबेसची गोष्ट

आमचं लोणखेडा ज्या शहादा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात टेंभली आहे. देशातला पहिला आधार नंबर २९ सप्टेंबर २०१० ला तिथल्या रंजना सोनवणे यांना मिळाला. एकदा दिलेला आधार नंबर पुन्हा दुसऱ्या कुणाला देत नाहीत. आजची गोष्ट बरोबर उलट्या डेटाबेसची आहे. प्रत्येक युनिट टेस्ट संपली की हा कोरा व्हायलाच हवा.

१९९४ मध्ये केंट बेकने स्मॉलटॉक भाषेसाठी टेस्ट लिहायची पद्धत मांडली. १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना, विमानातच, बेक आणि एरिक गामा यांनी जावासाठी जेयुनिट लिहायला घेतलं. आधी सेटअप, नंतर टिअरडाउन, आणि दर टेस्ट मेथडला नवं ऑब्जेक्ट. म्हणजे प्रत्येक पोराला कोरी पाटी. पण डेटाबेस हा ऑब्जेक्टच्या बाहेर. तो वर्गातला फळा, मागच्या तासाचं गणित त्यावर तसंच.

फळा न पुसता बरीच वर्षं निभावलं, कारण जावात टेस्ट साधारण लिहिलेल्याच क्रमाने चालायच्या. पहिली टेस्ट ग्राहक टाकायची, दुसरी गुपचूप त्याच ग्राहकाचं बिल बनवायची. २०११ ला जावा ७ आलं, मेथड मिळण्याचा क्रम बेभरवशाचा झाला, आणि कोडची एक ओळ न बदलता टेस्ट लाल! २०१२ च्या जेयुनिट ४.११ ने क्रम पुन्हा ठरावीक केला. मला विचाराल तर ताप उतरला, आजार तिथेच.

मग लोक मेमरीतल्या डेटाबेसकडे वळतात, की तो आपोआप पुसला जाईल. रिचर्ड हिपच्या एसक्यूलाइटमध्ये (पहिली आवृत्ती २०००) तसंच आहे: कनेक्शन बंद, डेटा गायब. जावावाल्यांच्या एचटूमध्येही शेवटचं कनेक्शन बंद झालं की सगळं जातं. पण टेस्टच्या मधेच कनेक्शन बंद झालं तर 'टेबल सापडत नाही' अशी एरर येते. मग कुणी सीनियर सांगतो, 'डीबी क्लोज डिले' उणे एक कर. एरर जाते. पण आता तो डेटाबेस प्रोसेस संपेपर्यंत जिवंत, आणि पुढच्या टेस्टने तेच नाव वापरलं की तोच जुना डेटा हातात. टेस्ट हिरवी दिसते आणि बग थेट ग्राहकाकडे जातो.

दर टेस्टला वेगळं नाव दिलं की हे सुटतं, पण टेबलं दरवेळी नव्याने बनवावी लागतात. म्हणून जँगो आणि स्प्रिंगमध्ये दुसरी युक्ती रुळली: टेस्टआधी ट्रान्झॅक्शन उघडायचं, शेवटी रोलबॅक. वेगवान आहे, मीही हेच वापरतो. फक्त कोडने दुसऱ्या कनेक्शनवरून स्वतःच कमिट केलं, तर ते रोलबॅकच्या हाती लागत नाही. आणि पोस्टग्रेसमध्ये सिक्वेन्स मागे येत नाही, त्यामुळे 'पहिल्या ग्राहकाचा आयडी १' असं गृहीत धरलेली टेस्ट दुसऱ्यांदा चालवली की पडते.