वेठ, झरी आणि रात्रीचा कॉल

तलासरी म्हटलं की आपल्याला आठवतो अहमदाबाद हायवे, आणि डहाणू म्हटलं की चिकू. पण कामाची वेळ नक्की कोणाची, हा प्रश्न याच भागातल्या वारली लोकांनी १९४५ साली धसास लावला होता!

तेव्हा इथे 'वेठ' चालायची. जमीनदाराचं बोलावणं आलं की हातातलं काम टाकून निघायचं. ऐन पावसात स्वतःचं शेत पडून, आणि हा राबतोय जमीनदाराच्या शेतात, तेही फुकट. लग्नासाठी कर्ज काढलं तर नवराबायको दोघंही 'लग्नगडी', कधीकधी जन्मभर.

२३ मे १९४५ ला झरी गावात किसान सभेच्या सभेला हजारो आदिवासी जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर सोबत होते. ठरलं ते अगदी साधं: वेठ करायची नाही, आणि दिवसाला बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचं नाही. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' मिळवून वाचाच.

कायदा मागाहून आला. राज्यघटनेचं कलम २३ १९५० मध्ये, वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा थेट १९७६ मध्ये.

आता आपण. एसीत बसणाऱ्या आयटीवाल्याने स्वतःला वेठबिगार म्हणवणं ही त्या पाच जणांची थट्टा होईल. आपल्याला राजीनामा तरी देता येतो. पण रात्री अकराला मेसेज येतो आणि आपण ताटावरून उठतो, तेव्हा प्रश्न तोच असतो. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामानंतर फोन-मेल बंद ठेवण्याच्या हक्काला कायद्याचा आधार आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं, २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. कायदा काही झालेला नाही.

आणि झाला तरी, एकटा माणूस तो वापरेल? अप्रेझल कोणाला नकोय! झरीत सगळ्यांनी मिळून 'नाही' म्हटलं, म्हणून ते ऐकावं लागलं. ते 'नाही' पुढे टिकवायला कायदा हवाच. तोवर टीमने बसून एवढं तरी ठरवावं: रात्री फोन कोणी उचलायचा, पाळी कशी लावायची, आणि त्याचे वेगळे पैसे किती. झरीवाल्यांनीही मजुरीचा आकडा सांगितला होता, आणि तोही रोख.

असो. तुमच्या टीममध्ये काय ठरलंय?