गढा-मंडल्याचे राज्य : उदय, अस्त आणि आपण

राजघराण्यांच्या उदयास्ताचा विषय निघाला, की आपणां मराठी माणसांचे मन रायगड, सातारा आणि पुणे येथे धाव घेते. ते स्वाभाविकच आहे. परंतु ज्या भूमीने आपणांस आसरा दिला, तिचा इतिहासही आपणांस ठाऊक असावयास हवा. सराफ्यात नित्य जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी मदन महालाच्या गोंड राजांची चौकशी केली असेल? मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात ही उणीव काही अंशी भरून काढावी, एवढाच आमचा हेतू आहे.

गढ्याच्या गोंड राज्यास वैभव प्राप्त करून दिले ते सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात संग्रामशहाने. बावन्न गढांवर त्याची सत्ता होती, असे परंपरा सांगते. त्याचा पुत्र दलपतशहा अकाली निवर्तला आणि अल्पवयीन वीरनारायणाच्या नावाने राणी दुर्गावतीने कारभार हाती घेतला. ती चंदेल कुळातील कन्या. तिच्या शौर्याची व कारभाराची नोंद अकबराच्या दरबारातील अबुल फजलने आपल्या फारसी ग्रंथात केली आहे. शत्रुपक्षाची ही साक्ष मोलाची होय. २४ जून १५६४ रोजी आसफखानाशी लढताना घायाळ झालेल्या राणीने शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा स्वहस्ते प्राण दिला.

राज्य तेव्हाच संपले नाही. दहा गढ मोगलांस देऊन चंद्रशहाने गादी राखली. पुढे राजधानी रामनगरास व नंतर मंडल्यास गेली. मात्र घरातील कलह मिटविण्यासाठी बाहेरची मदत घ्यावी आणि तिचे मोल प्रदेश देऊन फेडावे, ही रीत पडली. नरेंद्रशहाने छत्रसाल व देवगडचा बख्तबुलंद यांस असेच गढ दिले. बावन्न गढांचे राज्य आतून पोखरले गेले.

यानंतरचा भाग आपण आत्मपरीक्षणपूर्वक वाचावयास हवा. १७४२ मध्ये पेशवे बाळाजी बाजीराव मंडल्यावर चालून गेले. महाराजशहा मारला गेला आणि राज्यावर चार लाखांची चौथाई बसली. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गोंड सत्ताच संपविली. पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतले. ज्या सत्तेने गोंडांस पदच्युत केले, तिलाही येथे चार दशके पुरती लाभली नाहीत.

त्याच घराण्यातील वृद्ध शंकरशहा व त्यांचा पुत्र रघुनाथशहा यांस इंग्रजांनी १८ सप्टेंबर १८५७ रोजी याच शहरात तोफेच्या तोंडी दिले. राज्य गेल्यावर पाऊण शतकानेही या घराण्याचा स्वाभिमान जिवंत होता.

मराठ्यांच्या पराक्रमाचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. परंतु तो पराक्रम येथील लोकांस कसा अनुभवावा लागला, याचेही भान ठेवावे. राणीताल, चेरीताल, आधारताल ही नावे आजही शहरात नांदत आहेत. चौथाईची आठवण मात्र कोणी प्रेमाने काढीत नाही. लोकांस पाणी देणारा राजा लोकांच्या जिभेवर राहतो, वसुली करणारा दप्तरात राहतो. आपल्या मुलांस शिवचरित्र सांगताना दुर्गावतीचे चरित्रही सांगावे. या मातीचे ऋण फेडण्याची सुरुवात त्यातूनच होईल, अशी आमची नम्र धारणा आहे.