दोन मोर आणि एक हरीण

मांसाहाराच्या नीतीची चर्चा आपल्याकडे बहुधा दुसऱ्याच्या ताटापासून सुरू होते. म्हणूनच या विषयावरील आपल्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांपैकी एका लेखात लिहविणाऱ्याने स्वतःच्या पाकशाळेचा हिशेब दिला आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

इ.स.पू. 257 च्या आसपास कोरलेले अशोकाचे चौदा लेख गिरनारच्या शिळेवर आहेत. पहिल्या लेखात प्राण्यांचा बळी देण्यास मनाई केल्यावर राजा सांगतो, की पूर्वी त्याच्या पाकशाळेत कालवणासाठी रोज लक्षावधी प्राणी मारले जात. आता तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही रोज नव्हे. पुढे हे तिन्हीही मारले जाणार नाहीत. लक्षावधींचा आकडा अतिशयोक्त असेल. परंतु ‘हरीणही रोज नव्हे’ हा तपशील गौरवासाठी कोणी कोरवून घेत नाही. आपले आचरण अजून अपुरे आहे, याची ती कबुली आहे, आणि ती राजाने प्रजेसमोर दिली आहे.

राज्याभिषेकानंतर 26 वर्षांनी लिहविलेल्या पाचव्या स्तंभलेखात हीच दृष्टी व्यापक होते. पोपट, मैना, हंस, चक्रवाक, साळिंदर अशी अवध्य प्राण्यांची यादी तेथे येते. जी चतुष्पाद जनावरे उपयोगाची नाहीत आणि खाल्लीही जात नाहीत, ती सर्व तीत समाविष्ट आहेत. मोकळा सोडलेला वळू यादीत आहे, असा सामान्यतः अर्थ लावतात. गाईचा स्वतंत्र उल्लेख नाही. म्हणजे जी जनावरे खाल्ली जातात, त्यांच्या वधावर सरसकट बंदी नाही. त्यांच्यासाठी नियम वेगळे आहेत. गाभण किंवा दुभती शेळी, मेंढी व डुकरीण मारू नये. सहा महिन्यांच्या आतील पिल्ले मारू नयेत. कोंबड्याला खच्ची करू नये. जिवावर जीव पोसू नये. ठरावीक तिथींना मासे मारू अथवा विकू नयेत. ठरावीक तिथींना बैल, बोकड, मेंढा यांना खच्ची करू नये. ठरावीक तिथींना घोड्यांना व गुराढोरांना डाग देऊ नये.

या लेखाचे खरे महत्त्व येथे आहे, असे मला वाटते. प्रश्न केवळ मारण्याचा राहत नाही. पाळलेल्या जनावराच्या जिवंतपणी त्याला काय सोसावे लागते, हाही राज्याच्या चिंतेचा विषय होतो. खाणाऱ्याला पापी न ठरवता त्याच्या व्यवहारातील क्रौर्य कमी करण्याचा हा प्रयत्न आहे. मांस, अंडी आणि दूध यांचे उत्पादन कारखान्याच्या मापाने होत असताना हा प्रश्न जुना झालेला नाही.

आणि तरीही अशोकाचा नियमांवर फारसा विश्वास नव्हता. पुढच्याच वर्षीचा सातवा स्तंभलेख केवळ दिल्ली-तोपरा स्तंभावर आढळतो. त्यात तो म्हणतो, की धर्माची वाढ दोन मार्गांनी झाली, निर्बंधाने आणि मनन-समजुतीने. त्यांपैकी निर्बंधाचे मोल थोडे, समजुतीचे अधिक. अमुक प्राणी अवध्य, असे नियम आपण केले खरे; परंतु जिवांची हिंसा टळली ती मुख्यतः समजुतीने, असे तो सांगतो.

निर्बंधांची एवढी तपशीलवार यादी करणाऱ्यानेच हे लिहून ठेवावे, यात विसंगती नाही. समजूत घालण्याचा अधिकार कोठून येतो, हे त्याला ठाऊक होते. तो गिरनारच्या शिळेवर आधीच कोरलेला होता: दोन मोर, एक हरीण, आणि तेही रोज नव्हे.