मातीची उधारी

शेतात घातलेल्या खतातला अमोनिया पावसाबरोबर वाहून जातो का? यॉर्कशायरचे जमीनदार एच. एस. थॉम्पसन यांना हा प्रश्न पडला. त्यांनी मातीतून अमोनियम सल्फेटचं द्रावण गाळलं. खाली उतरलं ते मुख्यतः जिप्सम! मातीने अमोनिया ठेवून घेतला आणि बदल्यात कॅल्शियम दिलं. हे १८५० साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी रसायनशास्त्रज्ञ जे. थॉमस वे यांनी हे काम पुढे नेलं. माती म्हणजे नुसती चाळणी नाही, ती देवाणघेवाण करते, हे कळलं.

पुढे या देवाणघेवाणीचं गणित झालं. त्यातला सगळ्यात सोपा आकडा म्हणजे वितरण गुणांक: रसायन मातीत किती आणि पाण्यात किती, याचं गुणोत्तर. एक किलो माती, एक लिटर पाणी आणि गुणांक १० असेल, तर ११ भागांतले १० मातीला चिकटतात, एक पाण्यात राहतो. पाणी बदललं की माती पुन्हा हिशोबाने सोडते. कोडच्या एका ओळीत बसेल इतकं सुटसुटीत. फक्त या ओळीत वेळ कुठेच नाही. देणं-घेणं तत्काळ होतं, हे त्यात गृहीतच धरलेलं आहे.

हे गृहीतक किती महागात पडू शकतं, ते अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये दिसलं. तिथल्या तंबाखूच्या शेतांत सूत्रकृमी मारायला ईडीबी वापरत. हे रसायन पटकन उडून जाणारं, सूक्ष्मजीवही ते सहज पचवतात. प्राण्यांवरच्या चाचण्यांत त्याने कर्करोग होतो असं दिसलं आणि ते विहिरींच्या पाण्यातही सापडू लागलं. १९८३ मध्ये जमिनीतला त्याचा वापर थांबवण्यात आला.

१९८७ मध्ये स्टाइनबर्ग, पिग्नाटेलो आणि सॉनी यांनी दाखवलं, की शेवटच्या वापरानंतर १९ वर्षांनीही ते मातीत होतं. त्याच मातीत ताजं ईडीबी घातलं तर ते सूक्ष्मजीव खाऊन टाकत. जुनं मात्र हलता हलत नव्हतं. माती दळून बारीक केली, तेव्हा कुठे ते बरंचसं सुटलं. म्हणजे ते कणांच्या अतिसूक्ष्म छिद्रांत अडकलं होतं.

यानंतरच्या मॉडेलांत वेळेला जागा द्यावी लागली: काही भाग चटकन सुटणारा, काही वर्षानुवर्षं झिरपणारा. हा फरक कागदापुरता नाही. दूषित भूजल उपसून शुद्ध केलं, चाचणी चांगली आली, पंप बंद केला, तरी काही महिन्यांनी आकडा पुन्हा चढू शकतो. म्हणून ‘पाणी स्वच्छ झालं’ असं कोणी म्हणालं, की विचारायला हवं: आज, की मातीची उधारी फिटल्यावर?