ऑलिव्ह ऑईल, क्रीट आणि आईचा प्रश्न

गेल्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि आमच्या घरात ऑलिव्ह ऑईलची बाटली आली. अर्थात मीच आणली. आईने किंमत बघून विचारलं, "हे तेल आहे की औषध?" प्रश्न रास्त होता. म्हणून एक अख्खा वीकेंड या तेलाचा इतिहास वाचण्यात घालवला.

तर मंडळी, गोष्ट सुरू होते ग्रीसच्या क्रीट बेटावर. १९४८ साली रॉकफेलर फाउंडेशनने तिथल्या लोकांच्या खाण्यापिण्याची पाहणी केली. ब्रेड, कडधान्यं, भाज्या, फळं आणि भरपूर ऑलिव्ह तेल. मांस क्वचितच. पण हे काही 'डाएट' नव्हतं, महायुद्धानंतरची गरिबी होती! मांस जास्त मिळावं अशीच बहुतेकांची इच्छा होती.

पुढे १९५८ मध्ये अँसेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने ७ देशांतल्या सुमारे १२,७०० पुरुषांचा अभ्यास सुरू केला. हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण पूर्व फिनलंडमध्ये प्रचंड, क्रीटमध्ये अगदी कमी. आणि क्रीटमध्ये तर जवळजवळ ४० टक्के कॅलरीज स्निग्ध पदार्थांतून येत होत्या! म्हणजे तेल-तूप किती, याइतकंच ते कुठलं हेही महत्त्वाचं. पण हीच माणसं दिवसभर शेतात राबतही होती. मग श्रेय तेलाचं की घामाचं? एकाच रिलीजमध्ये दहा बदल केले, तर बग कशामुळे गेला हे कसं सांगणार?

त्यासाठी स्पेनमध्ये ७,४४७ जणांवर 'प्रेडिमेड' चाचणी झाली. एका गटाला घरटी आठवड्याला लिटरभर एक्स्ट्रा व्हर्जिन तेल फुकट! २०१३ मध्ये निष्कर्ष आले, पण २०१८ मध्ये तो पेपर मागे घ्यावा लागला. काही ठिकाणी गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पडलेच नव्हते. एका ठिकाणी अख्ख्या दवाखान्याला एकच गट दिलेला. मात्र दुरुस्त विश्लेषणातही हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरेंचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमीच दिसला. निष्कर्ष टिकला, खात्री थोडी घटली.

हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तेलासोबत भाज्या, डाळीही खायच्या होत्या. आणि तू बाबांना त्या तेलात वडे तळून मागतोयस!"

असो. बाटली अजून आहे, कोशिंबिरीपुरती. वडे बंद. आणि सकाळी बाबांबरोबर चालायला मी जातो... क्रीटमधला तो घामाचा भाग मीच विसरलो होतो.