मोरचुदाचं पाणी

आमच्या पानमळ्यात पायताण घालून जायची सोय नव्हती. मळ्याच्या तोंडाशी केळीच्या आडोशाला एक दगडी डोण होती. तिथं पाय धुवायचे, डोक्याला टॉवेल असला तर तो सारखा करायचा आणि मग आत शिरायचं. आत देवाचं ठाणं असतं, असं आबा म्हणायचे. आबा म्हणजे माझे आजोबा. बाहेर बैलावर, गड्यावर, आम्हा पोरांवर ओरडणारा हा माणूस मळ्यात शिरला की आवाज खाली आणून बोलायचा.

मिरज तालुक्याच्या पूर्व अंगाला, आरग-बेडग-नरवाडच्या बाजूला, तेव्हा घरटी नसले तरी भावकीगणिक पानमळे होते. शेवरी, शेवगा, पांगारा आधी लावायचे, ते डोक्याएवढे झाले की त्यांच्या आधारानं वेल चढवायचा. चढेल तसा लव्हाळ्यानं बांधत जायचं. वर्षातून एकदा वेल उतरवायचा, खालच्या उघड्या पडलेल्या खोडाचं वेटोळं करून मातीत गाडायचं आणि शेंडा परत नव्यानं चढू द्यायचा. ह्याला उतरण म्हणतात. मळ्यात कायम गार, ओलसर, हिरवट अंधार. बाहेर वैशाखाचं ऊन आणि आत गेलं की माठात हात घातल्यासारखं वाटायचं. माणसाला सुख देणारी तीच ओल रोगालाही सुख देते, हे मला फार उशिरा समजलं.

त्या ओलीतला मोठा शत्रू म्हणजे मर. पावसाळ्यात एखाद्या वेलीची पानं पिवळी पडून मान टाकायची. बुंध्याशी उकरून बघितलं तर खोड काळं, चिकट, कुजका वास मारणारं. चार दिवसांत शेजारची वेल, मग सबंध ओळ. पानांवर पाण्यात भिजल्यागत काळपट डाग पडायचे, डागात एकाआड एक वर्तुळं. जुनी माणसं ह्याला नजर म्हणायची, विटाळ म्हणायची. आईला महिन्यातले चार दिवस मळ्याच्या वाटेलाही जाता येत नसे, ते त्याचमुळं.

हा रोग करणारा जीव फायटोफ्थोरा ह्या घराण्यातला. १८४५ साली आयर्लंडातला बटाटा नासवून ज्यानं तिथं मोठा दुष्काळ आणला, तो ह्याचाच भाऊबंद. त्याच्या एका जातीचं वर्णन १९१३ साली जहांगीर फर्दुनजी दस्तूर ह्या पारशी शास्त्रज्ञानं केलं, बिहारातल्या पुसाच्या संस्थेत, एरंडाच्या रोपांवरून. पुढं मध्य प्रांतात, जिथं बारई लोकांचे पानमळे होते, तिथं त्यांनी पानवेलीच्या मरीचाही अभ्यास केला. ह्या जिवाचे बीजाणू ओल्या मातीत पाण्यातून चक्क पोहतात आणि चिखलाच्या पायांबरोबर एका मळ्यातून दुसऱ्यात जातात. म्हणजे डोणीवर पाय धुण्यात खरंच राखण होती. आईला बाहेर ठेवण्यात ती नव्हती. पण दोन्ही नेम एकाच भक्तीनं पाळले जायचे आणि आईच्या बाबतीत कुणी कधी चुकत नसे. परगावचा व्यापारी आला की मात्र पायताणाकडं कानाडोळा व्हायचा.

मरीवर आबांचा एकच उपाय होता, मोरचुदाचं पाणी. ते करायचा दिवस आम्हा पोरांना सणासारखा वाटायचा. दोन रांजण आणि एक लाकडी पिंप. एका रांजणात निळे खडे विरघळवायचे. हे काम आदल्या रात्रीपासून, खडे फडक्यात बांधून पाण्यात लोंबते सोडून. दुसऱ्यात कळीचा चुना फोडायचा. तो फसफसायला लागला की आबा आम्हाला लांब हाकलायचे. मग दोघांनी दोन बाजूंनी दोन्ही पाणी एकदमच पिंपात ओतायचं आणि तिसऱ्यानं काठीनं ढवळत राहायचं. शंभर लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. आबांचं माप शेरात आणि घागरीत होतं, पण हिशेब हाच. आभाळासारखा निळा रंग उतरायचा. लोखंडाच्या भांड्यात ते कधी करायचं नाही.

मग आबा घासून लख्ख केलेला विळा त्यात बुडवून धरायचे. बाहेर काढला आणि पात्यावर तांबूस पूट चढलेलं दिसलं, की चुना कमी पडला, आणखी घाला. पातं स्वच्छ निघालं की पाणी वेलीला सोसेल. मला वाटायचं, हे आबांचं स्वतःचं गुपित आहे. सातवीत असताना मी वर्गात ते फुशारकीनं सांगितलंही. गुरुजींनी सांगितलं, अरे हे फ्रान्समधून आलंय.

त्याची हकिकत गमतीची आहे. बोर्दो गावाजवळच्या मेदोक भागात द्राक्षबागांच्या रस्त्याकडच्या ओळींतली द्राक्षं येणारेजाणारे तोडून न्यायचे. म्हणून बागाईतदार त्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, की वेल विषारी दिसावी, हात लावायची छाती होऊ नये. १८८२ साली मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या नजरेत आलं की केवड्यानं सगळ्या बागेची पानं झडलीत, पण ह्या रंगवलेल्या ओळींची शाबूत आहेत. त्यानं प्रयोग केले आणि १८८५ साली मिश्रण जाहीर केलं. बोर्दो मिश्रण हे नाव तिथलं.

तिथं लोकांनी खाऊ नये म्हणून जे पानावर मारलं, ते आम्ही लोक जे पान खातात त्याच्यावर मारत होतो. द्राक्षाचं पान आमच्याकडं कुणी खात नाही. विड्याचं पान शिजवत नाहीत, सोलत नाहीत, पाण्यातून काढून मांडीवर पुसतात आणि चुना लावून तोंडात घालतात. आबांना फ्रान्स ठाऊक नव्हता, पण हे पक्कं ठाऊक होतं. बुंध्याशी पूर्ण ताकदीचं पाणी ओतायचे, पानावर मात्र निम्म्या ताकदीचं, आणि तेही तोडणीची पानं आधी खुडून घेऊन. फवारल्यावर दोन-तीन आठवडे मळ्यात खुडणारा शिरत नसे. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर लागलेली पानं तोडून बांधावर जाळायची, नाहीतर निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवलेलं पाणी गाळून शिंपडायचं. १९६२ साली दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधानांनी निंबोळीचं पाणी मारलेल्या पिकावर टोळ बसले तरी ते खात नाहीत, हे दाखवलं. आमच्याकडं ते आधीपासून चालत होतं, फक्त कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

१९७२ च्या दुष्काळानं विहिरी तळाला गेल्या आणि मळे खचले. तहानलेल्या वेलीवर पिठ्या ढेकूण तुटून पडला. देठापाशी, पानाच्या पाठीला कापसासारखे पुंजके, वर मुंग्यांची रांग. निंबोळीनं तो हटेना. तोवर कारभार तात्यांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या हातात आला होता. तात्या नव्या विचारांचे. विलायती खतं, इंजिन, हायब्रीड ज्वारी हे सगळं त्यांनीच घरात आणलं आणि त्याचा आम्हाला फायदाच झाला होता, हेही सांगायला हवं. १९७४ च्या उन्हाळ्यात त्यांनी तालुक्याहून एक डबा आणला. झाकण उघडलं की लसणासारखा उग्र वास यायचा. डब्यावर सगळं इंग्रजीत.

आबा म्हणाले, "पानावर मारायचं न्हाई ह्ये."

तात्या म्हणाले, "मग काय सगळा मळा किड्यास्नी घालू? लोक भाजीवर मारत्यात, पान काय वेगळं हाय?"

कीड खरंच दोन दिवसांत मेली. खाली मुंग्यांचा सडा पडला होता. आणि लग्नसराई होती. पानाला एवढा भाव गेल्या दोन वर्षांत आला नव्हता. फवारणीनंतर चौथ्या दिवशी तात्यांनी तोडणी धरली. आबा त्या दिवशी पाहुण्यांकडं गेले होते. अंगठ्यात लोखंडी नख घालून माणसं पहाटेपासून खुडत होती आणि मी कवळ्या लावायला होतो. खुडणाऱ्यांत एक पोरगा माझ्याच वयाचा होता. मधून मधून एखादं कोवळं पान तो तसंच तोंडात टाकायचा. सगळेच टाकायचे, मीही टाकायचो. त्या दिवशी माझ्या जिभेला छाले आले होते म्हणून मी टाकलं नाही. बाकी कुठलंही शहाणपण त्यात नव्हतं.

दुपारी माल टेम्पोनं गेला आणि तिसऱ्या प्रहरी तो पोरगा धावेवर बसल्या जागी कलंडला. तोंडाला लाळेची धार, अंग घामानं चिंब, पायाच्या पोटऱ्या आपोआप उडत होत्या. बैलगाडीनं रस्त्यापर्यंत आणि तिथून एका ट्रकनं त्याला मिरजेला नेलं. डॉक्टरांनी त्याचे डोळे उघडून बघितले. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी फक्त विचारलं, "कसलं औषध मारलंय?" रात्रभर अॅट्रोपिनची इंजेक्शनं दिली. पोरगा वाचला. त्याच्या आईनं आमच्या दारात येऊन एक शब्द काढला नाही. मजुरीला ती परत आली नाही.

आबा संध्याकाळी घरी आले. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "माल कुठं गेला?"

"पुण्याला."

तात्या म्हणाले, "एवढ्या लांब काय व्हतंय. बाजारात पाणी मारत्यात की पानाला."

आबा रात्रीच्या गाडीनं पुण्याला गेले. आयुष्यात ते पुण्याला दुसऱ्यांदा जात होते. अडत्याच्या गाळ्यावर पोचेपर्यंत निम्मा माल उठला होता. उरलेला त्यांनी परत मागितला, तेव्हा अडत्याला वाटलं भावावरून रुसलेत. कारण सांगितल्यावर तो हसला, म्हणाला, मामा, सगळेच मारतात. तिसऱ्या दिवशी आबा दोन डाग घेऊन परत आले. येण्या-जाण्याचं भाडं, हमाली, अडत, सगळं अंगावर घेऊन. बांधाच्या कडेला खड्डा काढून पानं त्यात टाकली, वर माती ओढली आणि त्या जागेवर वर्षभर काही लावू दिलं नाही.

जो निम्मा माल उठला होता, त्याचं काय झालं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. पुण्यात त्या आठवड्यात कुठल्या लग्नात, कुठल्या टपरीवर कोण आजारी पडलं का, कुणी विचारायला आलं नाही आणि आम्ही तरी कुणाला विचारणार? तात्यांनी पुन्हा तो डबा आणला नाही. त्या विषयावर ते कधी बोललेही नाहीत.

पुढं कॉलेजात असताना मी वाचलं की १९५८ साली केरळात पॅराथिऑन सांडलेल्या पिठानं शंभरावर माणसं मेली होती. त्यातूनच १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला, आणि डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा असे रंग आले. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. म्हणजे आमच्या डब्यावर तो रंग असणारच. तो काय सांगतो, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं एवढंच. मोरचूदही काही तुळशीचं पाणी नव्हे. तांबं मातीत साठत जातं, कुठं निघून जात नाही, आणि निळा खडा पोटात गेला तर माणूस आजारी पडतोच. आबांचं वेगळेपण औषधात नव्हतं, ते दिवस मोजत, एवढंच.

मळा आता नाही. मरीनं दोनदा बसवला, तिसऱ्यांदा लावायला माणसं मिळाली नाहीत. तिथं ऊस आहे.

गेल्या वर्षी तात्यांच्या नातीचा पुण्याहून फोन आला. तिनं गॅलरीत कुंडीत पानवेल लावलीय, भिंतीवर छान चढलीय. फोटो पाठवला होता. देठापाशी तेच कापसाचे पुंजके. मी सांगायला लागलो, पाण्याची जोरात धार मार, पुंजके ओल्या फडक्यानं पुसून काढ, पातळ साबणाचं नाहीतर निंबोळी अर्काचं पाणी पानाच्या पाठीला मार, मुंग्या बंद कर, पाणी तुंबू देऊ नकोस.

"काका, मी कालच नर्सरीतनं औषध आणून घातलंय कुंडीत. मुळातनं वर चढतं म्हणाला तो."

"रंग कुठला आहे बाटलीवर?"

"निळा."

"आता त्या वेलीवर जेवढी पानं आहेत, ती खुडून टाक. आणि नवी फुटतील तीही लगेच तोंडात घालू नकोस. दोन-तीन महिने नुसती बघायला ठेव."

"सगळी टाकू? चाळीस-पन्नास पानं आहेत हो काका!"

"चाळीस-पन्नासच आहेत ना," मी म्हणालो.