फुंकरीचा कारभार

वर्ग ऐन रंगात आलेला असावा, फळ्यावरचे गणित शेवटच्या पायरीवर यावे, आणि नेमका त्याच वेळी शिपाई सूचनावही घेऊन दारात उभा राहावा! तीस वर्षांच्या मास्तरकीत हा प्रसंग माझ्यावर इतक्यांदा आला की, त्या वहीशी माझे कायमचे वैर जडले. म्हणूनच वॉरन जॉन्सन या अमेरिकन मास्तराची हकीकत वाचली, तेव्हा मला तो सातासमुद्रापलीकडचा सख्खा भाऊच वाटला.

जॉन्सनचा जन्म १८४७ चा. विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावी, शिक्षक तयार करणाऱ्या सरकारी विद्यालयात तो शिकवीत असे. तिकडचा हिवाळा म्हणजे तळी गोठवणारा. इमारत उबदार राखण्यासाठी तळघरात झडपा असत; त्या कमीजास्त उघडल्या की वर्गात कमीजास्त ऊब येई. पण वर्गात गारठा आहे की उकाडा, हे तळघरात कळावे कसे? मग शाळेचा गडी एकेका वर्गात डोकावे आणि पुन्हा खाली उतरून झडपा हाताने सारख्या करी. पाठ मोडे तो मोडेच!

जॉन्सनने आधी घंटेची युक्ती काढली. वर्गातले तापमान बदलले की तळघरात विजेची घंटा वाजावी. १८८३ साली त्याला या यंत्राचे पेटंट मिळाले आणि १८८५ साली मिलवॉकी शहरात त्याची कंपनी उभी राहिली. परंतु घंटा नुसती हाक मारते. झडप फिरवायला हात लागतोच. तो हात त्याला सापडला दाबलेल्या हवेत.

वाचकहो, बासरीच्या भोकावर बोट ठेवा आणि उचला. सारे मर्म तेवढ्यात आहे. पंपाने दाबलेली हवा बारीक नळीतून वर्गातल्या भिंतीवरच्या डबीत येते. डबीत एक इवलेसे छिद्र आणि त्यासमोर दोन धातू जोडून केलेली पट्टी. एक धातू दुसऱ्याहून अधिक प्रसरण पावतो, म्हणून खोली तापली की पट्टी वाकते आणि छिद्र झाकू लागते. निसटायला वाट न उरलेली हवा नळीत दाटते, झडपेजवळचा दट्ट्या रेटते आणि ऊब आणणारी झडप मिटू लागते. खोली निवली की पट्टी सरकते, हवा फुस्सकन निसटते आणि स्प्रिंग झडपेला पुन्हा उघडते. जितकी हवा निसटेल, तितकीच झडप हलेल. म्हणून ती अर्धी, पाव, हवी तेवढीच उघडते. समजा पंपच बंद पडला, तरी स्प्रिंग ऊब आणणारी झडप उघडी ठेवते आणि बाहेरची गोठलेली हवा आत घेणारी झडप मिटून टाकते. बिघाडातही शहाणपण शाबूत!

प्रत्येक खोलीचे तापमान वेगवेगळे राखणाऱ्या या योजनेचे पेटंट जॉन्सनला १८९५ साली मिळाले. १९११ साली तो वारला. पुढे मोठमोठ्या इमारतींतून या फुंकरीनेच कारभार केला. आज नव्या इमारतींत ते काम इलेक्ट्रॉनिक यंत्रे करतात. पण कित्येक जुन्या इमारतींच्या भिंतींवर त्या डब्या अजून फुसफुसत आहेत.

हे सारे समजून घेताना माझ्या मनात एक गोष्ट राहून राहून येते. पेटंटावर नाव मास्तराचे. पण यंत्र करते काय? पट्टी म्हणजे वर्गात डोकावणाऱ्या गड्याची कातडी, नळी म्हणजे त्याचा जिना, दट्ट्या म्हणजे त्याचा दंड. त्याच्या पावलांनी मळलेल्या वाटेवरूनच हवा गेली.

आणि मी? आमचा शिपाई वही घेऊन दिवसातून किती वेळा तीन जिने चढत होता, हे तीस वर्षांत मी त्याला एकदाही विचारले नाही. वहीत तो काय घेऊन आला आहे, तेवढेच काय ते पाहिले. त्याला लागलेली धाप मात्र कधी ऐकली नाही.